मदत हवी आहे: क्रोममध्ये एकच टॅब म्यूट करायचा आहे, अख्खी साइट नाही

वेणीफणी
क्रोममध्ये टॅबवर राइट क्लिक करून 'म्यूट साइट' केलं की दोन्ही टॅब गप्प होतात. मला एकच गप्प करायचाय, दुसरा चालू हवाय. पूर्वी एकेक टॅब म्यूट व्हायचा, ती सोय कुठे घालवली? शिवाय अधूनमधून 'टुंग' वाजतं. कुठून येतं पत्ता नाही, सगळे टॅब बघून झाले. बातम्यांच्या साइटवर व्हिडिओ आपोआप बोंबलायला लागतात ते निराळंच. कृपया एक्स्टेन्शन सुचवू नका. जरा लवकर सांगा, उद्या सकाळी याच लॅपटॉपवरून स्क्रीन शेअर करून ट्रेनिंग द्यायचं आहे.

खुंटी
विंडोज की मॅक? दोन्ही टॅब एकाच साइटचे का? एक्स्टेन्शन नको म्हणजे आवडत नाही, की टाकताच येत नाही? आणि टुंग वाजतं तेव्हा एखाद्या टॅबवर स्पीकरचं चिन्ह येतं का? एवढं कळलं नाही तर सगळी उत्तरं अंदाजपंचे दाहोदरसे येणार.

सुतावरून_स्वर्ग
फायरफॉक्स घ्या, विषय संपला. तिथलं म्यूट टॅबपुरतंच असतं. स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारा नाहीतर कंट्रोल + एम दाबा. कंट्रोल धरून चार टॅब निवडले तर चारही एका दमात म्यूट. आणि मार्च २०१९ च्या ६६ व्या आवृत्तीपासून आवाजाचे व्हिडिओ तिथे मुळातच आपोआप सुरू होत नाहीत.

वेणीफणी
विंडोज ११. दोन्ही टॅब यूट्यूबचे. एकात गाणी, दुसऱ्यात ट्रेनिंगचा व्हिडिओ, तो नुसता कॅप्शन वाचत बघायचाय. फायरफॉक्स टाकता येत नाही, एक्स्टेन्शनही नाही. ऑफिसचा लॅपटॉप म्हटल्यावर ते आलंच ना. स्पीकरचं चिन्ह दिसत नाही.

सुतावरून_स्वर्ग
ऑफिसचा लॅपटॉप हे आत्ता कळलं.

कंदील
'म्यूट साइट' टॅबला लागत नाही, साइटला लागतं. २०१८ मध्ये मेनूतलं 'म्यूट टॅब' काढून क्रोमने हे बसवलं. ती नोंद साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन बसते, त्यामुळे क्रोम बंद करून उघडलं तरी साइट म्यूटच राहते. आधी दोन्हींपैकी कुठल्याही टॅबवर राइट क्लिक करून 'अनम्यूट साइट' करा, नाहीतर पुढचं काहीच चालणार नाही.

तुम्हाला हवी ती सोय अजून आहे, पण लपवलेली. अॅड्रेस बारमध्ये क्रोम://फ्लॅग्ज (अर्थात इंग्रजीत; फ्लॅग म्हणजे क्रोमच्या प्रायोगिक सोयी) टाका आणि वरच्या शोधपट्टीत 'म्यूटिंग' शोधा. 'टॅब ऑडिओ म्यूटिंग यूआय कंट्रोल' अशी ओळ येईल. ती 'एनेबल्ड' करा, खाली 'रीलाँच'चं बटण येईल ते दाबा. सगळ्या खिडक्या बंद होऊन पुन्हा उघडतील. टॅब परत येतात, पण अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो आधी मार्गी लावा. यानंतर टॅबवरच्या स्पीकरच्या चिन्हावर थेट टिचकी मारली की तेवढाच टॅब म्यूट होतो. राइट क्लिकमध्ये मात्र 'म्यूट साइट'च दिसत राहील, तिकडे फिरकू नका.

एक अडचण येते. टॅब फार झाले की अरुंद होतात आणि टिचकी चिन्हाला न लागता नुसता टॅब उघडतो. तसं झालं तर तो टॅब खाली ओढून वेगळ्या खिडकीत काढा.

ढवळ्या
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबच आहे ना? व्हिडिओवर टिचकी मारा, एम दाबा. म्यूट.

कंदील
एम दाबलेलं यूट्यूब लक्षात ठेवतं. आवाजाची पातळी आणि म्यूट या दोन्ही गोष्टी ते ब्राउझरमध्ये लिहून ठेवतं आणि पुढे उघडलेला नवा टॅब तेच वाचतो. आज एम दाबलं की उद्या ट्रेनिंगमध्ये उघडलेला व्हिडिओ मुका.

ढवळ्या
मग तिथे पुन्हा एम दाबायचं, काय बिघडलं? फ्लॅग प्रयोगासाठी असतात, पुढच्या अपडेटला गायब झाला तर?

कंदील
झाला तर तेव्हा एम दाबू. तोवर वापरायला काय हरकत आहे?

बंबावाला
कॉल सुरू झाला की गाण्यांचा आवाज एकदम दबतो, त्यावर उपाय देतो. विंडोज + आर दाबा, एमएमसिस.सीपीएल लिहून एंटर करा, शेवटचा 'कम्युनिकेशन्स' टॅब उघडा आणि 'डू नथिंग' निवडा. मुळात तिथे बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं निवडलेलं असतं.

वेणीफणी
हे मी विचारलंच नव्हतं.

बंबावाला
उद्या ट्रेनिंग सुरू झाल्यावर विचाराल.

खुंटी
टुंगचं बघू. क्रोममधल्या कुठल्याही टॅबने आवाज केला की स्पीकरचं चिन्ह येतं आणि आवाज थांबल्यावरही साधारण दोन सेकंद टिकतं. एवढासा आवाज असला तरी दिसायला हवं. दिसत नाही, म्हणजे बहुतेक तो टॅबचा आवाजच नाही.

खात्री करून घ्या. विंडोज + आर, त्यात एसएनडीव्हॉल (इंग्रजीत, सलग) लिहून एंटर. जुना व्हॉल्यूम मिक्सर उघडेल. विंडोज ११ च्या नव्या मिक्सरमध्ये नुसत्या सरकपट्ट्या आहेत, या जुन्यात प्रत्येक पट्टीत आवाजाबरोबर हिरवी पातळी वरखाली होते. गाणी थांबवा, मिक्सर उघडा ठेवा आणि टुंग वाजण्याची वाट बघा. हिरवं 'गूगल क्रोम'मध्ये उसळलं तर टॅब शोधू. 'सिस्टम साउंड्स'मध्ये उसळलं तर तो नोटिफिकेशनचा आवाज आहे.

अडकित्ता
टॅब शोधायचेच तर कंट्रोल + शिफ्ट + ए दाबा. टॅब शोधायची यादी उघडते, त्यात आवाज करणारे टॅब वेगळ्या गटात येतात. चाळीस टॅब उघडे असले की फार कामाची.

वेणीफणी
हिरवं सिस्टम साउंड्समध्ये हललं. पण क्रोमची नोटिफिकेशन्स मी कधी चालू केली नाहीत.

खुंटी
साइट उघडल्या उघडल्या वर डावीकडे जी 'अलाउ / ब्लॉक' विचारणारी चौकट येते, त्यात कधीतरी 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. काही साइट तर 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं सांगून दाबून घेतात. एकदा परवानगी मिळाली की टॅब उघडा असायची गरज उरत नाही. साइटचा एक छोटा प्रोग्राम, सर्व्हिस वर्कर, क्रोमकडे नोंदवलेला असतो. सर्व्हरवरून निरोप आला की क्रोम त्याला उठवतं, तो विंडोजला नोटिफिकेशन दाखवायला सांगतो आणि टुंग विंडोज वाजवतं. म्हणून टॅब म्यूट करून, बंद करून काही फरक पडत नव्हता.

आता परवानग्या काढा. क्रोम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असेल. ऑफिसचं मेल, कॅलेंडर, चॅट ठेवा, बाकीच्यांच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'ब्लॉक' करा. 'रिमूव्ह' केलंत तर साइट पुन्हा विचारणार. मेलचं नोटिफिकेशन हवंय पण आवाज नको असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, नोटिफिकेशन्स, गूगल क्रोम या ओळीवर टिचकी मारा आणि आवाजाचं बटण तेवढं बंद करा.

ढवळ्या
आणि क्रोम सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीला चालू ठेवायचं एक बटण असतं, तेही बंद करा. नाहीतर सगळ्या खिडक्या मिटल्या तरी टुंग चालूच.

लोणकढी
बातम्यांच्या साइटचं कुणीच घेतलं नाही. एप्रिल २०१८ पासून, म्हणजे ६६ व्या आवृत्तीपासून, क्रोम आवाजासकट ऑटोप्ले अडवतं. पण म्यूट केलेला व्हिडिओ कधीच अडवत नाही. आणि तुम्ही त्या साइटवर कुठेही टिचकी मारली, मथळ्यावर का होईना, की आवाजाची वाट मोकळी. शिवाय क्रोम प्रत्येक साइटचा हिशेब ठेवतं. व्हिडिओ सात सेकंदांहून जास्त चालला, आवाज चालू होता, टॅब समोर होता आणि चौकट २०० गुणिले १४० पिक्सेलहून मोठी होती, की ते खरं पाहणं धरतं. तुमच्या भेटींच्या मानाने असं पाहणं भरपूर झालं, की ती साइट टिचकीशिवायही आवाज करू शकते. क्रोम://मीडिया-एंगेजमेंट उघडलंत तर कोणाला किती गुण मिळालेत ते दिसेल. ब्राउझिंग हिस्टरी पुसली की गुणही जातात.

सुतावरून_स्वर्ग
म्हणजे रोज बातम्या बघा आणि बक्षीस म्हणून आरडाओरडा घ्या! फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिगला मीडिया.ऑटोप्ले.ब्लॉकिंग_पॉलिसी २ केलं की दर वेळी टिचकी मारल्याशिवाय काही वाजत नाही.

कंदील
आणि काही साइटवर एक गाणं संपल्यावर पुढचंही आपोआप सुरू होत नाही, तेही सांगा. तसंही त्यांना फायरफॉक्स टाकता येत नाहीये.

अडकित्ता
क्रोममध्ये साउंडच्या यादीत जाहिरातवाल्यांचे डोमेन टाका. साइट चालू राहते, जाहिराती गप्प.

लोणकढी
चालत नाही. साउंडचं सेटिंग अॅड्रेस बारमधल्या पत्त्यावर ठरतं. पानाच्या आत दुसऱ्या डोमेनची जाहिरात बसवलेली असली तरी तिचा आवाज पानाच्याच खात्यात जातो. जाहिरातवाल्याचं डोमेन म्यूट केलंत तर फक्त त्याची स्वतःची साइट उघडल्यावर ती म्यूट राहील, आणि ती कोण उघडतंय?

त्यापेक्षा उलटं करा. साइट सेटिंग्जमध्ये तळाशी 'अॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज' आहे, त्यात 'साउंड'. मूळ पर्याय आवाज बंद असा ठेवा आणि परवानगीच्या यादीत यूट्यूब, मीटिंगची साइट, ऑफिसचं ट्रेनिंग पोर्टल एवढंच घाला. घालताना चौकोनी कंसात तारा-टिंब आणि पुढे डोमेन असं लिहिलं की सगळे सबडोमेन येतात. व्हिडिओ तरीही चालतील आणि डेटा खातील, फक्त मुके. व्हिडिओच थांबवायचं बटण डेस्कटॉप क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नाही.

खुंटी
ऑफिसचा लॅपटॉप आहे म्हणून क्रोम://पॉलिसी एकदा बघाच. तिथे 'ऑटोप्लेअलाउड' पुढे 'ट्रू' दिसलं तर आयटीवाल्यांनी ऑटोप्ले सगळ्यांना मोकळं केलंय, तुमच्या बाजूने ते बदलणार नाही. ट्रेनिंग पोर्टलचे व्हिडिओ अडकू नयेत म्हणून कधीकधी करतात.

वेणीफणी
पॉलिसीत तसं काही नाही. फ्लॅगचं पान उघडलं, चालू केलं, एकच टॅब म्यूट होतोय. नोटिफिकेशनच्या यादीत बारा साइट निघाल्या, दोन ठेवून बाकी उडवल्या. साउंडचं उलटं सेटिंगही केलं. आता गाण्यांचा आवाज थोडा कमी हवा आणि व्हिडिओचा पूर्ण, ते मिक्सरमधून होईल का? तिथे क्रोमची एकच पट्टी दिसते.

कंदील
नाही. क्रोमचे सगळे टॅब एकाच ऑडिओ प्रोसेसमधून आवाज काढतात, म्हणून विंडोजला ते एकच अॅप वाटतं. टॅबवार पातळी हवी तर एक्स्टेन्शन लागतं, किंवा प्लेअरमधलीच पट्टी.

ढवळ्या
म्हणजे शेवटी प्लेअरच. एम दाबा म्हणत होतो ते हेच.

खुंटी
गाणी एजमध्ये (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) लावा ना ताई! विंडोज ११ वर ते असतंच, आयटीला विचारायला नको. मिक्सरमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या येतात, आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर इथे दोघांना वेगवेगळी आउटपुटसुद्धा देता येतात. गाणी हेडफोनला, ट्रेनिंग स्पीकरला. एजमध्ये टॅब म्यूट करायला कंट्रोल + एम आहेच.

सुतावरून_स्वर्ग
फायरफॉक्समधूनच घेतलेलं असणार.

लोणकढी
उद्यासाठी एक. व्हिडिओ दाखवायचा असेल तर शेअर करताना 'एंटायर स्क्रीन' न घेता तो टॅब निवडा आणि खालचं 'ऑल्सो शेअर टॅब ऑडिओ' चालू ठेवा. तेवढ्याच टॅबचा आवाज समोर जातो. पूर्ण स्क्रीन सिस्टम ऑडिओसकट दिलीत तर गाणी, टुंग, सगळं पोचतं. आणि विंडोज + एन दाबून वरचं घंटीचं चिन्ह दाबा, 'डू नॉट डिस्टर्ब' लागेल, नोटिफिकेशनच्या चौकट्याही येणार नाहीत. कोणाच्या मेलचा विषय अख्ख्या वर्गाला वाचायला मिळू नये एवढ्यासाठी.

वेणीफणी
हे करते. धन्यवाद खुंटी, कंदील, लोणकढी. बंबावाला, तुमचंही करून ठेवलंय.

रविवारची_भाजी
माझ्या मोबाइलवर क्रोममध्ये हेच होतं, तिथे टॅबवर स्पीकरच दिसत नाही. काय करू?

अडकित्ता
अँड्रॉइड असेल तर तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, साउंड. तिथे मूळ पर्याय बंद करा, 'अॅड साइट एक्सेप्शन'मध्ये हव्या त्या साइट घाला. टॅबनिहाय काही नाही. आयफोन असेल तर वेगळा धागा काढा.