दमट हवेत पळायला आणि ऑफिसला: कॉटन, पॉलिस्टर, मेरिनो की बांबू?

खाडीकाठ
ठाण्यात रोज सकाळी ८-१० किमी पळणं, मग लोकलने ऑफिस. पळायचे टी-शर्ट सगळे 'ड्रायफिट', लेबलवर १०० टक्के पॉलिस्टर. तरी काही पाठीला चिकटून बसतात आणि काही पटकन सुकतात, असं का? दुकानात हात लावून हा फरक कळतो का? वासाचं काय करायचं? आणि बांबू, मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक लोकर) यांत अर्थ आहे की नुसता भाव?

ताणाबाणा
लेबल फक्त धागा कशाचा ते सांगतं. तंतूचा आकार आणि वीण त्यावर नसते, आणि फरक तिथेच पडतो.

पॉलिस्टरचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा आत घेतो. कापूस ८च्या आसपास, व्हिस्कोस (लाकडाच्या वगैरे लगद्यापासून रसायनांनी बनवलेला तंतू) ११ ते १३, लोकर १४ ते १६ (हे आकडे ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतले). त्यामुळे पॉलिस्टरमध्ये घाम तंतूंमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पसरतो. जाड, गोल तंतू असले तर फटी मोठ्या राहतात आणि ओढ कमी पडते. लांबीभर खाचा असलेले तंतू घाम जोरात ओढतात. १९८६ साली ड्यूपाँटने आणलेलं कूलमॅक्स त्यातलंच. ती खाच धुऊन जात नाही. स्वस्त मालात मात्र साध्या पॉलिस्टरवर पाणी ओढणारं रसायन चढवतात. ते धुण्यागणिक उतरत जातं, म्हणून नवा असताना उत्तम वाटलेला टी-शर्ट काही महिन्यांनी घाम नुसता ओघळवतो.

तपासणी घरी, दोनदा धुतल्यावर करा. नव्या कापडावरचं फिनिश फसवतं. टी-शर्ट उलटा करा, वाटीच्या तोंडावर ताणून धरा आणि आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. २-३ सेकंदांत जिरून बाहेरच्या बाजूला मोठा डाग पसरला तर कापड चांगलं. मणी होऊन बसला तर वर सिलिकॉन किंवा सॉफ्टनरचा थर आहे. थेंब जिरला पण डाग लहानच राहिला, तर वाळायला पृष्ठभाग कमी मिळतो. असा टी-शर्ट चिकटणारच.

दुकानात एवढंच पाहता येतं: उजेडासमोर धरल्यावर बारीक जाळी दिसली पाहिजे, आतली बाजू खडबडीत किंवा डॉट निटसारखी (बारीक उंचवट्यांच्या विणीची) हवी, वजन १२०-१४० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). आतून गुळगुळीत, सपाट असलेलं कापड ओलं झालं की त्वचेला सगळीकडून टेकतं.

किनारपट्टीच्या हवेबद्दल एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. १ ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता जाते. ठिबकून गेलेला घाम जवळपास काहीच नेत नाही. पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असताना कापडाने घाम कितीही पसरवला तरी वाफ सावकाशच होते. तेव्हा वारा आत खेळणं जास्त महत्त्वाचं: एक माप सैल, बगलेखाली आणि पाठीवर मेश (जाळीचं कापड), शक्य तर बिनबाह्यांचा सिंगलेट. अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट जानेवारीसाठी ठेवा. नागपूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये गणित उलटं होतं. तिथे हलकं कॉटन घाम धरून ठेवतं, सावकाश वाळतं आणि तेवढा वेळ अंग गार राहतं.

सूतकताई
वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. वासाबद्दल: पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण त्वचेचं तेल घट्ट धरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांचे घामेजलेले टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरचा वास कॉटनपेक्षा वाईट निघाला, आणि वास निर्माण करणारे मायक्रोकोकस जिवाणू पॉलिस्टरवर अधिक वाढले होते.

उपाय: ओला टी-शर्ट बॅगेत कोंबून ठेवू नका, लगेच साध्या पाण्यातून काढा. वास बसलाच असेल तर १० लिटर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून उलटा करून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, विषारी क्लोरिन वायू सुटतो. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद: त्याचा थर फटी बुजवतो. आधी वापरला असेल तर ४० अंशांच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, दरवेळी एकदा जादा खळबळून काढा. कडक इस्त्री नको, कापडात लायक्रा (ताणला जाणारा धागा) असेल तर तो मरतो.

मेरिनोला वास फार कमी येतो, १५० जीएसएमचा टी-शर्ट ट्रेकला दोन दिवस सहज चालतो. पण पॉलिस्टरपेक्षा उशिरा वाळतो, कसर लागते, आणि एन्झाइमवाल्या डिटर्जंटने लोकर झिजते. लोकरीसाठीचं लिक्विडच वापरा. रोज पळायला एवढे पैसे घालू नका.

'बांबू' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये याच खोट्या लेबलवरून दोन बड्या दुकान-साखळ्यांवर कारवाई केली. मऊ आहे, घरात घालायला छान. ओलं झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते आणि ते लोंबतं, म्हणून पळायला नकोच.

खाडीकाठ
थेंब सोडून पाहिला. दोन टी-शर्टवर मणी झाला, दोन्ही सॉफ्टनरमध्ये जात होते. ऑफिसच्या शर्टांचं काय? आत बनियन असतो.

ताणाबाणा
टेरीकॉट टाळा. दाट वीण, पॉलिस्टर जास्त आणि त्याला खाचा नाहीत. दमट हवेत गैरसोयीचं. सुट्या विणीचं १००-१२० जीएसएम कॉटन किंवा लिनन घ्या. लिननची चुरगळ मान्य नसेल तर सीअरसकर (मुद्दाम सुरकुतलेल्या पट्ट्यांचं कापड): त्याच्या उंचवट्यांमुळे कापड त्वचेपासून सुटं राहतं. रंग पांढरा किंवा गडद निळा, मधल्या राखाडी-आकाशीवर घामाचा डाग सर्वांत उठून दिसतो.

जाड रिबचा कॉटन बनियन घाम साठवून दुपारपर्यंत ओला राहतो. त्याऐवजी पातळ पॉलिस्टर मेशचा, अंगाला टेकणारा पण न आवळणारा बनियन घाला. वरचा शर्ट मात्र कॉटनच ठेवा, म्हणजे आतून आलेला घाम तो ओढून घेईल. दोन्ही थर पॉलिस्टर असले तर वास दुप्पट.