स्पेक्ट्रमवर स्प्राइट फाटल्यासारखा दिसतोय, मदत हवी

निखिल_असेंब्ली
एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसाठी छोटा गेम लिहितोय, सगळा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत. १६ बाय १६ पिक्सेलचा माणूस काढायचाय (स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारं छोटं चित्र). पडदा २५६ पिक्सेल रुंद, पिक्सेलला एक बिट, म्हणजे एका ओळीला ३२ बाइट, म्हणून दर ओळीनंतर पत्त्यात ३२ मिळवले. पण माणसाच्या ओळी आठ-आठ पिक्सेल सोडून खाली खाली जातात, आणि नववी ओळ परत वर येऊन पहिलीला खालून चिकटते! दोन रात्री घालवल्या यात. दुसरं म्हणजे दर फ्रेमला पडदा पुसायला एलडीआयआर (मेमरीचा गठ्ठा कॉपी करणारी सूचना) वापरतोय तर सगळंच लुकलुकतंय. काय चुकतंय कुणी सांगेल का?

जुनी_कॅसेट
तुझा हिशेब बरोबर आहे रे, पण स्पेक्ट्रमचा पडदा मेमरीत तसा सरळ लावलेलाच नाही. कॅसेटवरून गेमचं चित्र लोड होताना बघितलंयस का कधी? आधी पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात लांब लांब रेघा येतात, मग त्यांच्यामधल्या फटी भरत जातात, मग मधला हिस्सा, मग खालचा. मेमरीतला क्रम हाच. मामाने दुबईहून स्पेक्ट्रम आणला होता, टेपच्या हेडचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे झाला तरी लोड व्हायचं नाही, त्यामुळे त्या रेघांकडे डोळे लावून बसायची सवयच लागली आणि ही मांडणी तिथेच डोक्यात बसली.

तर पत्ता १६३८४ पासून चित्राचे ६१४४ बाइट, त्याचे २०४८ चे तीन तुकडे, एकेकात ६४ रेघा. तुकड्यात आधी आठही अक्षर-ओळींची (एक अक्षर आठ रेघा उंच) पहिली रेघ, मग आठहींची दुसरी, असं. म्हणून ३२ मिळवलेस की तू एक रेघ नाही, अख्खं एक अक्षर खाली उतरतोस. खरी खालची रेघ २५६ बाइट पुढे असते, आणि २५६ म्हणजे एचएल (पत्ता ठेवायची रजिस्टरची जोडी, एच वरचा बाइट, एल खालचा) मधल्या एच मध्ये फक्त एक! नुसतं आयएनसी एच, ४ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), काम झालं. एच चे खालचे तीन बिट शून्य झाले की अक्षर संपलं, तेव्हा एल मध्ये ३२ मिळव. कॅरी (बेरजेतला हातचा) आला तर पुढच्या तुकड्यात गेलास, काही करू नकोस. नाही आला तर एच मधून ८ वजा कर.

रंगीत_बॉर्डर
लोक या मांडणीला विचित्र म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. १९८२ चं मशीन, स्वस्तात बसवायचं होतं, हार्डवेअर रिचर्ड अल्टवासर यांचं. दर आठ पिक्सेलसाठी, पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या यूएलए चिपला दोन बाइट वाचावे लागतात, एक चित्राचा आणि एक रंगाचा. पत्ते असे ठेवलेत की दोन्हींचा खालचा बाइट एकच येतो, मग रॅमला तो भाग एकदाच सांगायचा आणि लागोपाठ दोन बाइट घ्यायचे, वेळ वाचतो. आपल्यालाही फायदा. चित्राच्या पत्त्यावरून रंगाचा पत्ता हवा असेल तर एल ला हातच लावायचा नाही, एच तीन वेळा उजवीकडे सरकवायचा, फक्त खालचे दोन बिट ठेवायचे आणि ८८ शी ऑर करायचं. इतकं सुबक काम आहे हे!

स्टॅक_वाला
लुकलुकण्याचं मी सांगतो. एलडीआयआर ला बाइटमागे २१ टी-स्टेट, ६१४४ बाइट म्हणजे १,२९,०२४. एक फ्रेम असते ६९,८८८ ची. म्हणजे नुसतं पुसण्यातच जवळजवळ दोन फ्रेम गेल्या, चित्र काढणार कधी? पुश वापर, ती स्टॅकवर बाइट ठेवायची सूचना. पुश ११ टी-स्टेटमध्ये दोन बाइट लिहितो. एसपी (स्टॅकचा चालू पत्ता) आधी कुठेतरी जपून ठेव, मग एसपी मध्ये २२५२८ टाक, म्हणजे चित्राच्या लगेच पुढचा पत्ता, पुश तिथून उलटा खाली लिहीत येतो, एचएल शून्य, १६ पुश एकाखाली एक लिही आणि तो गट १९२ वेळा फिरव. नुसत्या पुशचे ३३,७९२ होतात. पडद्याची मेमरी यूएलए अडवतं म्हणून प्रत्यक्षात जरा जास्तच लागतील, तरी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि पुसण्याच्या सुरुवातीला डीआय (इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच अडवणारा इशारा, बंद करायची सूचना) विसरू नकोस, हे कळकळीने सांगतोय. एसपी खाली येत १६३८४ जवळ पोचलेला असताना इंटरप्ट आला तर परतीचा पत्ता रॉमवर लिहायला जातो, तिथे काही लिहिलं जात नाही, आणि मशीन परत येताना भलतीकडेच उडी मारतं. शेवटच्या मोजक्या बाइटांमध्येच हे होतं त्यामुळे प्रोग्राम पंधरा मिनिटं मस्त चालतो आणि मग अचानक रीसेट. माझा पूर्ण आठवडा गेला होता यात, मी रॅम खराब आहे समजून बसलो होतो.

वेळ बघायची असेल तर हॉल्ट (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबायची सूचना) नंतर पोर्ट २५४ वर, म्हणजे चित्राभोवतीच्या बॉर्डरला, लाल पाठव, पुसून झालं की काळा. बॉर्डरवरचा लाल पट्टा जितका उंच तितका वेळ गेला.

निखिल_असेंब्ली
झालं!! माणूस अखंड दिसतोय, आयएनसी एच ने. बॉर्डरचंही करून बघितलं, एलडीआयआर असताना जवळजवळ सगळी बॉर्डर लाल होती, पुश घातल्यावर लाल पट्टा चित्राच्या निम्म्याच्या जरा खाली संपतो, तिथून पुढे काळं. डीआय पण टाकलंय. जुनी_कॅसेट काका, तुम्ही सांगितलं म्हणून एक जुनं लोडिंग चित्र मुद्दाम मूळ स्पीडला लावून बसलो, त्या फटी भरताना बघितल्या. आता माणूस आठच्या पटीत नसलेल्या एक्स वर सरकवायचाय, त्याच्या आठ सरकवलेल्या प्रती आधीच करून ठेवू की चालू असताना सरकवू?

जुनी_कॅसेट
मेमरी आहे तोवर प्रती करून ठेव. दोन-दोन पिक्सेलने चालला तरी डोळ्याला खटकत नाही, मग चारच लागतील. रुंदी मात्र तीन बाइट धर, सरकवल्यावर १६ पिक्सेल तिसऱ्या बाइटात जातात.