गरम आणि थंड हवेच्या टकरीने टोर्नेडो होतो, तर तो रोज का होत नाही?

चौकस_बाबा
मुलगी सातवीत आहे, टोर्नेडोवर प्रकल्प करतेय. मी तिला सांगितलं की गरम हवा आणि थंड हवा एकमेकींवर आदळतात आणि भोवरा तयार होतो. तिने लगेच विचारलं, "मग थंडीत खिडकी उघडली की घरात टोर्नेडो का येत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. दोन रात्री वाचतोय, पण जिथे बघावं तिथे तेच एक वाक्य. हवेला फिरकी मिळते कुठून? कुणी नीट सांगेल का?

रानवारा
पृथ्वीच्या परिवलनामुळे असावं. चक्रीवादळ फिरतं तसंच, फक्त लहान आकारात. जाणकारांनी सांगावं.

ढगवेडी
बाबा, तुमच्या मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी हवामानशास्त्र शिकले आणि याच विषयापायी दोन वर्षं वसंतात ओक्लाहोमाच्या सपाट मुलखात वादळांमागे फिरले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'टक्कर' हा शब्द आधी बाजूला ठेवा. जमिनीलगतची हवा उबदार आणि दमट हवी, आणि वर जावं तसं तापमान झपाट्याने उतरायला हवं. अशी हवा वर ढकलली गेली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता सुटते, आणि ती आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार राहून वरवर चढत जाते. अमेरिकेच्या मध्य भागात ही दमट हवा मेक्सिकोच्या आखातावरून येते. तिच्यावर नैर्ऋत्येच्या उंच, रखरखीत पठारांवरून आलेल्या गरम कोरड्या हवेचं झाकण बसतं. हे झाकण नसतं तर सकाळपासून जागोजागी छोटे ढग फुटले असते आणि सगळी ऊर्जा किरकोळ सरींत खर्च झाली असती. झाकणामुळे ती दुपारपर्यंत साठते, मग एखाद्या ठिकाणी फुटते आणि बघता बघता १२-१५ किलोमीटर उंच ढग उभा राहतो. पुष्कळदा हे घडतं दमट आणि कोरड्या हवेच्या सीमेवर, जिथे दोन्हीकडची हवा उबदारच असते.

आता फिरकी. जमिनीलगत आग्नेयेचा वारा आणि सहा किलोमीटरवर पश्चिमेचा जोरदार वारा, दोन्हींत ताशी ७० किलोमीटर किंवा त्याहून जास्त फरक, असा तो दिवस असतो. मुलीला दोन तळव्यांमध्ये पेन्सिल आडवी धरायला सांगा. खालचा तळवा स्थिर ठेवायचा, वरचा पुढे सरकवायचा. पेन्सिल लोळते. हवेतही अशीच आडवी, डोळ्यांना न दिसणारी फिरकी असते. ढगात वर जाणारा झोत तिला उचलून उभी करतो आणि मग तो झोतच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात आणि त्यातल्या काही किलोमीटर रुंद फिरत्या भागाला मेसोसायक्लोन.

बहुतेक लेख इथे संपतात आणि मला त्याचीच चुटपुट लागते, कारण खरा पेच इथून पुढे आहे. झोताने उचललेली फिरकी वरच जाते, जमिनीपर्यंत पोचत नाही. रडारवर दिसणाऱ्या मेसोसायक्लोनपैकी जेमतेम पाव टोर्नेडो देतात.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही अशाच एका ढगासमोर उभे होतो. तळाशी भिंतीसारखा लोंबणारा भाग नुसत्या डोळ्यांना फिरताना दिसत होता. पाठीवर कोमट, दमट वारा, सगळं गवत ढगाच्या दिशेने झुकलेलं. चाळीस मिनिटं हेच. मग वारा एकदम उलटला. ओल्या मातीचा वास आला, हातावर काटा आला, गवत आमच्याकडे लवलं. पाच-दहा मिनिटांत ती भिंत विस्कटून गेली. टोर्नेडो झालाच नाही.

तो गार वारा म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली आलेली हवा. जमिनीलगत फिरकी पोचवायला हीच हवा लागते आणि टोर्नेडोचा घातही हीच करते. ती फार गार असली तर जड होते, जमिनीवर पसरते आणि तिला परत वर ओढणं ढगाला झेपत नाही. ती जेमतेम गार असली तर वरचा झोत तिला पकडून ताणतो. ताणलं की भोवरा अरुंद होतो, अरुंद झाला की वेग वाढतो: घर्षण सोडलं तर ५०० मीटर त्रिज्येवरचा ताशी २० किलोमीटरचा वारा ५० मीटरवर ताशी २०० होतो. म्हणून आम्ही ढगाचा तळ किती खाली आहे हे आधी बघायचो. तो किलोमीटरच्या आत असला तर खालची हवा दमट असते, पावसाचं बाष्पीभवन कमी होतं आणि उतरणारी हवा फार गार होत नाही.

रानवारा, परिवलनाचा परिणाम चक्रीवादळावर ठळक दिसतो, कारण ते शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं. टोर्नेडो बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत संपतो, तेवढ्यात त्याचा थेट परिणाम नगण्य. उत्तर गोलार्धात ते बहुतांशी घड्याळाच्या उलट फिरतात, ते उंचीबरोबर वाऱ्याची दिशा ज्या पद्धतीने बदलते त्यामुळे. सुलट फिरणारेही दिसतात.

रानवारा
चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार. मग वावटळ म्हणजे छोटा टोर्नेडोच का?

ढगवेडी
नाही. वावटळीच्या वर ढग लागत नाही, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेने ती होते. टोर्नेडो वर ढगाशी जोडलेला असतो. सुपरसेलशिवाय होणारे टोर्नेडोही आहेत, वाढत्या ढगाने खालची आयती फिरकी ताणली की होतात, पण ते सहसा दुबळे.

चौकस_बाबा
पेन्सिल लोळवून झाली, खूश आहे! आता ती चित्र काढतेय. सोंड ढगातून खाली उतरत जमिनीला टेकते, असंच दाखवायचं ना?

ढगवेडी
इथे जरा थांबवा तिला. सोंड म्हणजे वारा नव्हे. भोवऱ्याच्या आत दाब उतरतो, हवा गार होते आणि वाफेचे थेंब बनतात, तो थेंबांचा ढग म्हणजे सोंड. ओक्लाहोमातच एल रेनोजवळ २०१३ साली ४ किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला. झटपट फिरणाऱ्या रडारने त्याची निरीक्षणं घेतली, तर जोराची फिरकी आधी जमिनीजवळ होती, वर नंतर दिसली. सोंड अर्ध्यावर असतानाही खाली माणसाला उचलून फेकणारा वारा असू शकतो. तेव्हा चित्रात सोंड अर्धीच काढा आणि तिच्या खाली, मोकळ्या वाटणाऱ्या जागेत, जमिनीवर गोल फिरणारी धूळ नक्की दाखवा.