मदत हवी आहे: 'कॅन', 'मे' की 'माइट'? रिपोर्ट आजच द्यायचाय

पंपघर
पंप बंद पडल्याचा रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. साहेबांनी तीन ठिकाणी लाल गोल करून परत पाठवला, कारण काहीच लिहिलं नाही. 'शकतो' म्हणजे 'कॅन'च ना? मग काय लिहू? चारपर्यंत द्यायचाय. पुस्तकं सुचवू नका.

शब्दवेल्हाळ
वाक्यं कुठे आहेत? झालेल्या गोष्टीबद्दल लिहिलंय की पुढे होईल त्याबद्दल?

मधली_सुट्टी
सगळीकडे 'मे' टाका नि मोकळे व्हा.

पंपघर
घ्या. पहिलं, 'द बेअरिंग कॅन हॅव फेल्ड'. दुसरं, 'द स्टँडबाय पंप कॅन फेल धिस वीक'. तिसरं, 'द वाल्व कुड नॉट हॅव बीन ओपन'. तिसऱ्यात म्हणायचंय की वाल्व कदाचित उघडा नसेल.

शब्दवेल्हाळ
तिसरं आधी बदला, ते धोक्याचं आहे. 'कुड नॉट हॅव बीन ओपन' म्हणजे वाल्व उघडा असणं शक्यच नव्हतं. ऑपरेटरवर थेट ठपका बसेल. तुम्हाला हवंय 'माइट नॉट हॅव बीन ओपन'. 'नॉट' लागला की 'कुड' आणि 'माइट' यांची वाट वेगळी होते, नसताना दोन्ही जवळपास सारखे.
दुसऱ्यात 'मे', 'माइट', 'कुड' तिन्ही चालतील. 'कॅन' ही एरवीची, कधीही घडू शकणारी गोष्ट सांगतो: 'बेअरिंग्ज कॅन फेल विदाउट ग्रीस'. हाच पंप, हाच आठवडा म्हटलं की 'कॅन' बसत नाही. मराठीतला 'शकतो' दोन्हीकडे चालतो, म्हणून फसायला होतं.
पहिलं: बेअरिंग 'गेलं असेल' म्हणजे 'मे हॅव फेल्ड'. 'कुड हॅव' किंवा 'माइट हॅव' चुकीचं नाही, पण त्याचा 'जाऊ शकलं असतं, पण गेलं नाही' असाही अर्थ निघतो. रिपोर्टमध्ये ती संदिग्धता नको.

गुणवत्ता_विभाग
थांबा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांच्या मसुद्याचा नियम वेगळा आहे. तिथे 'मे' म्हणजे परवानगी, शक्यतेला 'कॅन'. सक्तीला 'शॅल', शिफारशीला 'शुड'. मग 'कॅन' चूक कसं?

शब्दवेल्हाळ
तो नियम मानकाच्या मजकुरासाठी आहे, आणि तिथली शक्यताही एरवीचीच असते. बिघाडाच्या रिपोर्टला तो लावू नका. मात्र एक धडा घ्या: 'द ऑपरेटर मे नॉट ओपन द वाल्व' हे मनाई म्हणूनही वाचलं जातं. तिथे 'माइट नॉट' लिहा.

खडखडाट
पंपातून खडे घोळल्यासारखा आवाज येत होता का? मग कॅव्हिटेशन आहे, म्हणजे पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत. सक्शनची गाळणी तुंबलीय का बघा, सक्शन वाल्व पूर्ण उघडा आहे का बघा. बेअरिंगच्या मागे का लागलात?

पंपघर
पंप दुरुस्त झालाय हो! इंग्रजी राहिलंय.

मधली_सुट्टी
शाळेत शिकवतात, 'मे' म्हणजे ५० टक्के, 'माइट' म्हणजे ३० टक्के. तेवढं लक्षात ठेवा.

शब्दवेल्हाळ
असं मोजमाप कुठल्याही वाचणाऱ्याच्या डोक्यात नसतं. 'माइट'मध्ये फार तर थोडा जास्त संकोच असतो. खात्री दाखवायची तर पुरावा लिहा. बेअरिंगचा पिंजरा (आतल्या गोळ्या जागेवर धरणारी चौकट) तुटलेला सापडला असेल तर 'मस्ट हॅव फेल्ड' लिहा, 'मे' कशाला?

गुणवत्ता_विभाग
आणि प्रश्नात 'मे' नको. 'मे इट फेल अगेन?' असं कोणी विचारत नाही, 'कुड इट फेल अगेन?' म्हणतात.

पंपघर
पिंजरा खरंच तुटलेला होता, ते लिहायचंच राहिलं. मग 'द बेअरिंग मस्ट हॅज फेल्ड', बरोबर? बेअरिंग एकच आहे.

शब्दवेल्हाळ
एक असो की दहा, 'मस्ट', 'मे', 'माइट' यांच्यापुढे 'हॅव'च. 'हॅज' काढा आणि पाठवून द्या.