घरातल्या मोठ्या माणसाचं वजन अचानक उतरलं, तुमचे अनुभव सांगा

गवतफुला, पुणे
आई ७१ वर्षांची आहे. दिवाळीत ५८ किलो होती, आता ५१. डाएट नाही, व्यायाम वाढवलेला नाही, जेवण थोडं कमी झालंय पण अगदी सुटलेलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, सगळे ब्लाऊज आत घ्यायला दिले. नातेवाईक म्हणतात वय झालं की माणूस वाळायचंच, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. मला हे पटत नाहीये. तुमच्या घरी असं झालं असेल तर सुरुवात कुठून केलीत, काय निघालं, ते लिहा. वाईट अनुभवही लिहा, मला सगळं ऐकायचंय.

कृष्णाकाठ
आमचे बाबा, वय ७६, सातारा जिल्हा. ताप नाही, खोकला नाही, फक्त संध्याकाळी जरा कणकण वाटते म्हणायचे आणि पॅन्टच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडत होते. शुगर जुनीच. फिजिशियनने छातीचा एक्स-रे काढला तर वरच्या बाजूला डाग, मग थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधायची तपासणी, केली आणि टीबी निघाला. डॉक्टर म्हणले म्हाताऱ्या माणसात आणि शुगरवाल्यात टीबी असाच गुपचूप येतो, खोकला असलाच पाहिजे असं काही नाही. औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट, सहा महिन्यांचा कोर्स, आणि टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात जमा होतात, पूर्वी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. घरातल्या सगळ्यांची पण तपासणी केली. बाबा आता परत रानात जातात.

वऱ्हाडी मन
काकूचं थायरॉईड निघालं बघा. आपल्याला वाटते थायरॉईड म्हणजे वजन वाढते, पण ते कमी काम करत असलं तर. काकूचं जास्त काम करत होतं. हात थरथरणे, घाम, गरम होणे असं काही नव्हतं, उलट दिवसभर पडून राहे, कशातच मन नाही. छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढला तर ठोके अनियमित, तिथून डॉक्टरला शंका आली. टीएसएच जवळजवळ शून्य, थायरॉईड जास्त काम करत असलं की हा आकडा असा खाली जाते. साधी रक्ताची तपासणी आहे, पहिल्याच चिठ्ठीत लिहून घ्या.

तांबडी माती, कोल्हापूर
आजी गेल्यावर आजोबा वाळत गेले. सगळे रिपोर्ट नॉर्मल. विचारलं की "जेवलो की" म्हणायचे. एकदा दुपारी मी न सांगता गेले तर ताट समोर, आमटीवर साय धरलेली, आणि आजोबा भाकरीचे तुकडे करून खिडकीतून कुत्र्याला टाकत होते. कवळी सैल झाली होती, भाकरी चावता येत नव्हती, आणि ते सांगायला लाज वाटायची. वजन उतरलं की हिरड्याही बसतात, कवळी अजून सैल होते, माणूस अजून कमी खातो. डेंटिस्टकडून कवळी नीट करून घेतली पण तेवढ्याने भागलं नाही, मन उदास होतंच. मानसोपचार तज्ज्ञांनी रात्रीची मिर्टाझपीन (उदासपणावरची गोळी) सुरू केली, त्याने झोप लागायला लागली आणि भूकही उघडली. बिनमिठाचं बिनतेलाचं जेवण चाललं होतं ते डॉक्टरांना विचारून सैल केलं. आणि आता कुणीतरी शेजारी बसून जेवतं, याचा फार फरक पडला.

ओपीडीतली ताई
मी नर्स आहे, डायबेटिस ओपीडीत असते. सहा महिने ते वर्षभरात न ठरवता ५ टक्के वजन गेलं तर तपासायचंच. ५८ चे ५ टक्के म्हणजे तीन किलोच्या आत, तुमच्या आईचे सात गेलेत. जाताना गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा, आयुर्वेदिक चूर्ण वगैरे सकट, कारण शुगरची मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, सेमाग्लुटाईड, हृदयाची डिजॉक्सिन अशा औषधांनी भूक किंवा वजन कमी होऊ शकतं. पण मनाने बंद करू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग आहे का याचा अंदाज), शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनी, लिव्हर, टीएसएच, लघवी, शौचातलं लपलेलं रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, एवढ्यावर बरंच कळतं. गिळताना अडकतं का, शौचाची सवय बदलली का, हे त्या स्वतःहून सांगणार नाहीत, विचारावं लागतं.

सह्यकडा
वाईट अनुभव लिहिते. मामा ६८ चे, अंगाने सडपातळ, घराण्यात कुणाला शुगर नाही. अचानक डायबेटिस निघाला, वजन उतरलं, सगळ्यांना वाटलं शुगरमुळेच. रात्री पाठ दुखायची, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. सीटी स्कॅन केला तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मामा गेले. म्हातारपणी नवीन शुगर आणि वजन कमी असं दोन्ही एकदम आलं तर सीटी करायचा का हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

दूरदेशी, न्यू जर्सी
व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो, त्यावर जाऊ नका. आई ठाण्यात एकटी असते, "मस्त चाललंय" म्हणायची. वहिनी गेली तर फ्रीजमध्ये दुधाच्या न फोडलेल्या पिशव्या, काही पार फुगलेल्या. जेवायचंच विसरत होती. डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जाण्याच्या आजाराची, सुरुवात होती. आता जेवणाला बाई आहेत, त्या आईचं वजन करून व्हॉट्सॲपला टाकतात, एकाच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी.

गवतफुला, पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, यादी घेऊनच नवीन फिजिशियनकडे गेलो. त्यांनी आधी वजनाचे जुने आकडे मागितले, नशिबाने डोळ्यांच्या ऑपरेशनच्या फाईलमध्ये सापडले. हिमोग्लोबिन ८.२ आलंय, म्हणजे बरंच कमी, आणि शौचात लपलेलं रक्त. गॅस्ट्रोकडे (पोटाच्या तज्ज्ञांकडे) पाठवलंय, एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून जठर आणि मोठं आतडं बघायचं, दोन्ही सांगितल्यात. आई घाबरलीय. या वयात झेपतं का?

कृष्णाकाठ
झेपतं. माझ्या आत्याची ८० व्या वर्षी झाली, गुंगीचं इंजेक्शन देतात, काही कळत नाही. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध मात्र थकवतं, रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होतात, तेव्हा दिवा चालू ठेवा आणि कुणीतरी जवळ झोपा, अशक्तपणात चक्कर येऊन पडायची भीती असते. पातळ पदार्थ किती आणि काय द्यायचे ते लिहून घ्या. रक्त पातळ करायची गोळी किंवा शुगरची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. रिपोर्ट आला की इथे लिहा.