मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला: शाळेत तयारी कशी व्हावी?

प्रश्न: माझ्या मुलीला ‘त्वरण’ नीट समजते, परंतु अकरावीच्या वर्गात ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द ऐकताच ती गोंधळते. ही तयारी शाळेतच व्हायला नको होती का?

उत्तर १: व्हायलाच हवी होती. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मराठी संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द असतो, पण परीक्षेत तो विचारला जात नाही म्हणून वर्गात बहुधा वाचलाही जात नाही. तिला नववी-दहावीची पुस्तके उघडून तेच शब्द वहीत उतरवून मोठ्याने म्हणायला सांगा.

उत्तर २: मला भाषेहून मोठी अडचण टिपणांची वाटते, कारण दहावीपर्यंत फळ्यावरची उत्तरे उतरवणाऱ्या मुलांना व्याख्यान ऐकता ऐकता लिहिता येत नाही. शिवाय एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वगैरेंच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेत) सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो, त्यामुळे हे वर्ष वाया जाऊ देऊ नका.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. नववीचे पुस्तक माळ्यावरून आजच काढते.