सगळा दोष स्टेरॉइडच्या माथी नको

"हाडांचं जे काही होतं ते इम्युनोथेरपीने नाही, तिचे जुलाब-पुरळ आवरायला दिलेल्या स्टेरॉइडने होतं" हा कॅन्सरच्या इम्युनोथेरपीबद्दल (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराबद्दल) मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटला. स्टेरॉइड हाडं पोखरतात यात वादच नाही. पण पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं टी-पेशींवरचा (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवरचा) ब्रेक काढतात, आणि चेतलेल्या टी-पेशी रँक-एल नावाचं प्रथिन तयार करतात. हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना कामाला लावतं ते हेच. 2018 साली या औषधांवर असताना हाडांचा त्रास झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापून आली होती, त्यातल्या तिघांची हाडं उपचार चालू असताना मोडली होती. सहा म्हणजे काही सिद्धता नव्हे, पण डॉक्टरला विचारण्याइतकं कारण नक्की आहे.

आमच्या आत्याची फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब चालू होती. अर्धी बादली उचलताना कंबरेत कळ आली आणि घरात सगळ्यांनी धरूनच चाललं की कॅन्सर मणक्यात उतरला. एमआरआयमध्ये गाठ नव्हती, साधा दबलेला मणका निघाला. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, तोवर कोणी सुचवलीच नव्हती, व्हिटॅमिन डी तर तळाला. पुढे हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड द्यायचं ठरलं, तेव्हा आधी दात दाखवून यायला सांगितलं, कारण त्यावर असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याची भीती असते. आणि कोणाला डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं दुसरं औषध चालू असेल तर परस्पर बंद करू नका. ते सोडल्यावर मणके पटापट दबल्याची उदाहरणं आहेत.